बारीक भोकांची जाळी

मोरीची जाळी रोज उचलून, खाली बोटं घालून, राखेनं घासून परत बसवावी लागते. हे काम कुणालाच आवडत नाही. आमच्या घरात ते मी गेली पंचवीस वर्षं दुसऱ्या कुणाला करू दिलेलं नाही. का, ते कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आता सांगते.

लग्न होऊन मी थेरगावात आले तेव्हा आमची मोरी म्हणजे चुलीच्या डाव्या हाताला एक दगडी फरशी आणि भिंतीत वीतभर भोक, एवढीच होती. भोकाबाहेर परसात अळूचा वाफा. भांड्यांचं पाणी अळूला जायचं आणि खरकटं म्हशीला. भाताची पेज, भाजीची देठं, शिळी भाकरी, ताकाचं भांडं विसळलेलं पाणी, सगळं एका घमेल्यात जमायचं आणि संध्याकाळी तिच्या आंबोणात, म्हणजे पेंड-भुशाच्या कालवणात, पडायचं. मी नगरकडची, मास्तरांची मुलगी. सातवी झालेली. भाकरी थापायला इथं येऊन शिकले. माझ्या पहिल्या वर्षाच्या करपलेल्या, तुटलेल्या भाकऱ्या त्या म्हशीनं खाल्ल्या आणि कुठं बोलली नाही.

सासूला आमच्याकडं आत्याबाई म्हणतात. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. घरात आत्याबाई, माझे यजमान, मी आणि तीन वर्षांची मुलगी. आत्याबाईंचं माझं पटायचं असं मी म्हणणार नाही. भांडायचोही नाही. त्या कामाला वाघ होत्या आणि मीही कामाला मागं नव्हते, त्यामुळं एकमेकींच्या वाटेत येण्याइतका वेळ दोघींना नव्हता.

नदीपलीकडं आमचा जमिनीचा एक तुकडा होता. पिंपरीला कारखाना आला तेव्हा तो त्यात गेला. जमीन गेलेल्या घरातला माणूस म्हणून यजमानांना तिथं काम मिळालं. वैरणीचं रान गेलं, म्हणून पाठोपाठ म्हैस विकली. म्हैस दारातून गेली त्या दिवशी आत्याबाई खरकट्याचं घमेलं घेऊन गोठ्यापर्यंत गेल्या आणि तसंच परत घेऊन आल्या. "आता हे कुठं टाकू?" असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "मोरीत." तेव्हापासून सगळं मोरीत जायला लागलं.

यजमान सायकलनं नदी ओलांडून कामावर जायचे. नोकरी अजून कायम नव्हती. एकही खाडा न पडता सहा महिने भरले की कायम करतात, असं कामगार एकमेकांना सांगत. खाडा म्हणजे गैरहजेरीचा दिवस. हा नियम कुठं लिहिलेला मी पाहिला नाही, पण आमच्या घरात तो देवाच्या शब्दासारखा पाळला गेला. अंगात ताप असला तरी ते जायचे. आत्याबाई रोज ते परत आले की पाणी द्यायच्या आधी विचारायच्या, "आज खाडा न्हाई ना?"

"अगं आये, आत्ता कामावरनंच आलोय ना मी? मग खाडा कसा व्हईल?"

"इचारलं आपलं."

मला या विचारण्याची चीड यायची. जमीन गेली होती, म्हैस गेली होती, आता ही नोकरी हाच संसार होता, हे मलाही कळत होतं. पण रोज रोज काय विचारायचं? त्यांनी का विचारलं ते मला फार उशिरा कळलं.

मोरी बदलायची वेळ आली ती माझ्या चुलत दिरामुळं. कारखान्यात बाहेरगावचे लोक यायला लागले होते, साताऱ्याचे, कोकणातले. त्यांना राहायला खोल्या हव्या होत्या. चुलत दिरांनी आमच्या परसाला लागून चार खोल्या भाड्यानं द्यायला बांधल्या. त्या बांधताना अळूच्या वाफ्याच्या पलीकडं भिंत उभी राहिली आणि आमचं पाणी अडलं. आठ दिवसांत तिथं डबकं झालं. घुशी भिंतीच्या भोकातून सरळ चुलीपर्यंत यायला लागल्या. एका सकाळी पिठाच्या डब्यावर घूस बसलेली पाहून मुलगी किंचाळली. त्याच दिवशी जाऊबाई परसात उभ्या राहून म्हणाल्या, "तुमच्या मोरीचं पानी आमच्या भाडेकरूच्या अंथरुनाखाली निघालंय. ते म्हनत्यात, भाडं कमी करा, न्हाईतर होडी द्या."

मी ठरवून टाकलं. जुनं भोक बुजवायचं, सिमेंटची मोरी करायची, नळी घालून पाणी परसाच्या दुसऱ्या टोकाला शोषखड्ड्यात सोडायचं, आणि मोरीच्या तोंडाला नहाणी ट्रॅप बसवायचा. माझ्या माहेरी मास्तरांच्या वसाहतीत मी तो पाहिला होता. बिडाचं वाटोळं भांडं असतं, जमिनीत पुरतात. आत थोडं पाणी कायम साचून राहतं, त्यामुळं खड्ड्याचा वास वर येत नाही आणि किडा-मुंगीही येत नाही. वर जाळी. खरकटं जाळीवर अडतं, ते उचलून टाकायचं. सोपं आणि स्वच्छ.

सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. पण चुलत दिरांकडं खोल्यांचं अर्धं पोतं उरलं होतं आणि त्यांना त्यांची भिंत कोरडी हवी होती, तेव्हा तो प्रश्न मिटला. राहिला ट्रॅप. तो पुण्याहून आणायचा. यजमानांची सुट्टी रविवारी आणि ती दुकानं रविवारी बंद.

"मी अर्धा दिवस मागून बघतो," यजमान म्हणाले.

आत्याबाई एकदम बोलल्या. "अर्धा न्हाई आन् पाव न्हाई. खाडा नको. ती जाईल एकटी. शिकलेली हाय, पुण्याला हरवती व्हय?"

आमच्या घरातली सून एकटी पुण्याला जाणार, हे आत्याबाईंच्या तोंडून आलं, म्हणून गल्लीत कुणाला नाव ठेवता आलं नाही. मी निघताना त्या दारापर्यंत आल्या. "मोठ्या भोकांची जाळी आण," म्हणाल्या. "बारीक आणशील तर पानी तुंबल. सांगून ठिवते."

हायवेवर एस.टी. धरून मी पुण्याला गेले. विचारत विचारत दुकान शोधलं. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून बसलेला. मला एकटीला पाहून माझ्या मागं कुणी येतंय का ते त्यानं पाहिलं.

"बरोबर कुणी नाही, बाई?"

"मोरी मी घासते. बरोबरच्याला काय कळणार?"

तो हसला आणि मग त्यानं मला गिऱ्हाइकासारखं वागवलं. तीन-चार ट्रॅप काढून दाखवले. एकाच्या काठाला चीर होती, ती मी नखानं दाखवली. एक फार उथळ होता. तिसरा घेतला, जड, चांगल्या ओतीव बिडाचा. जाळ्या दोन प्रकारच्या होत्या. एक बिडाची, लांब पट्ट्यांची. तिच्या फटीतून माझी करंगळी सहज गेली. दुसरी पितळी, बारीक भोकांची. तिच्यावर भाताचं शीतसुद्धा अडलं असतं.

दुकानदार म्हणाला, "खरं सांगतो, ही पितळी रोज साफ करावी लागते. कंटाळा करणाऱ्या घरात देत नाही मी. दोन महिन्यांनी शिव्या घालत परत येतात."

"मी कंटाळा करत नाही," मी म्हटलं.

आत्याबाईंचं सांगणं माझ्या लक्षात होतं. पण मोठ्या फटींतून खरकटं खाली गेलं असतं तर वर्षभरात शोषखड्डा भरला असता आणि पुन्हा जाऊबाई परसात उभ्या. हिशेब सरळ होता. मी पितळी घेतली.

घरी आल्यावर आत्याबाईंनी जाळी हातात घेतली. उजेडाकडं धरली. बराच वेळ तिच्यातून पाहत राहिल्या. "ह्यातनं मुंगीबी जायची न्हाई," म्हणाल्या.

"तेच पाहिजे आपल्याला."

त्यांनी जाळी खाली ठेवली. एरवी त्या ऐकून घेणाऱ्या नव्हत्या, म्हणून मी वादाच्या तयारीत होते. पण त्या उठून परसात गेल्या.

गवंडी गावातलाच होता. आत्याबाईंना आत्या म्हणायचा, कारण निम्मं गाव म्हणायचं. आल्याआल्या तो भिंतीतल्या भोकापुढं उकिडवा बसला. "आत्या, ह्यातनं घूस येती का घुशीचं वऱ्हाड येतंय?"

"तुझ्या सासुरवाडीचं आलं आसंल, बघ नीट."

"माझी सासुरवाडी एवढं खात न्हाई. अन् खाल्लं तर गुमान बसत न्हाई, गाऱ्हानी करती."

"मंग तू कर काम, गुमान."

दोन दिवस काम चाललं. तिसऱ्या दिवशी त्यानं मोरीचा उतार काढला आणि मी तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. पाणी एका कोपऱ्यात थांबलं. मी म्हटलं, "परत काढा."

"वहिनी, एवढं पानी तर फडक्यानंबी पुसतंय."

"फडकं मारायचं असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

"आत्या, तुमची सून मुकादम व्हायची हाय कारखान्यात!"

"हाय खरी," आत्याबाई म्हणाल्या. "तिला सांगू नगंस, लगीच जाईल." असं म्हणताना त्या हसल्या होत्या. मला चांगलं आठवतं, कारण त्यानंतर त्या माझ्याविषयी बोलताना हसल्या नाहीत.

उतार पुन्हा काढला. शोषखड्ड्यात खाली मोठे दगड, वर विटांचे तुकडे, त्यावर खडी, आणि तोंडाला फरशी. सिमेंट पिकायला आठ दिवस लागतात, वर ओली पोती टाकून पाणी मारत राहायचं. तेवढे दिवस मोरी बंद. भांडी परसात घासली. आत्याबाई जेवायलाही परसातच बसायच्या, भिंतीकडं तोंड करून, एकट्या. म्हणायच्या, "आत धूर लागतोय." भिंतीपलीकडच्या भाडेकरूंचं एक कुत्रं होतं. त्या आठ दिवसांत ते आमच्या परसातून हललं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. कुत्रं जिथं भाकरी मिळते तिथं बसतं, एवढं मला माहीत होतं. त्यापुढं मी गेले नाही.

नवी मोरी सुरू झाली. गुळगुळीत, काळपट, एका बाजूला अलगद उतरती. पाणी टाकलं की वळसा घेऊन जाळीकडं जायचं. घुशी गेल्या. वास गेला. डबकं सुकलं. जाऊबाईसुद्धा येऊन पाहून गेल्या आणि काही खोड निघते का म्हणून जाळी उचलून खाली डोकावल्या. मला माझ्या कामाचा अभिमान वाटत होता. त्यात मला लाज वाटत नाही. काम चांगलंच झालं होतं.

आमच्याकडं पुरुष आणि मुलं आधी जेवायची, मग आम्ही दोघी. आत्याबाई आता मोरीजवळ बसायच्या, माझ्याकडं पाठ करून. जेवण झालं की आपलं ताट आपण धुवायच्या. खरकटं ताट सुनेच्या हातात द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यांच्या सासूनं त्यांना फार घासायला लावलेलं होतं, म्हणून. मला तो नियम सोयीचाच होता.

मोरी सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी सकाळी जाळी उचलली तर तिच्यावर भाकरी होती. कुस्करलेली, आमटीत भिजून फुगलेली. ओंजळभर. आमच्या घरात ताटात शीत टाकलेलं चालत नसे. मुलीनं घास टाकला तर आत्याबाईच तिला उचलून खायला लावायच्या. मी म्हटलं, चुकून सांडली असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

मी पीठ बदललं. वाटलं, बाजरी कडू झाली असेल. ज्वारी दळून आणली. भाकरी पातळ थापली, मऊ ठेवली, तव्यावरून उतरली की लगेच वाढली. जाळीवर पुन्हा ओंजळभर. दोन-तीनदा चावलेला चोथाही दिसला. तो मी दातांवर ढकलला. त्यांच्या दोन दाढा पडल्या होत्या, कारण तयार होतं.

आता विचार केला तर वाटतं, जाळीनं मला सगळं सांगितलं होतं, रोज, न चुकता. मोठ्या फटींची असती तर ते सगळं तिच्यातून निघून गेलं असतं, म्हणून तर आत्याबाईंना ती हवी होती. पण सासूनं सुनेची भाकरी टाकली, याचा आमच्या भागात एकच अर्थ असतो आणि तो कुठल्याही सुनेला लग्नाआधीच शिकवलेला असतो. मला दुसरा अर्थ सुचला नाही.

आठव्या दिवशी जेवणं झाल्यावर मी त्यांच्यासमोरच जाळी उचलली.

"आत्याबाई, हे काय आहे?"

"खरकटं हाय."

"हे खरकटं नाही. ही भाकरी आहे. आठ दिवस रोज बघतेय मी."

त्यांनी जाळीकडं पाहिलं. मग दाराकडं पाहिलं. यजमान बाहेर ओट्यापाशी सायकल पुसत होते, त्यांना आतलं बोलणं ऐकू जात होतं.

"आवडत न्हाई मला," आत्याबाई म्हणाल्या, आवाज चढवून. "चामडं भाजल्यागत असती तुझी भाकरी. एवढी वरसं खाल्ली, आता न्हाई खाववत."

"मग एवढी वर्षं बोलला नाहीत?"

"म्हस व्हती. तिला घालत व्हते."

हे खोटं होतं. मी त्यांना माझ्यासमोर दोन-दोन भाकऱ्या खाताना पाहिलं होतं. पण रागात माणूस पुरावा बघत नाही. मी म्हटलं, "उद्यापासून तुमचं तुम्ही करून घ्या. माझं अन्न मोरीत टाकायला मी रांधत नाही."

"घेते की."

बाहेर सायकलीची साखळी फिरवल्याचा आवाज येत राहिला. यजमान आत आले नाहीत. बायकांच्या भांडणात त्यांनी कधी तोंड घातलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आत्याबाई आपल्यासाठी वेगळं पातेलं ठेवू लागल्या. कधी भाताची पेज, कधी नाचणीची आंबील, कधी नुसतं ताक. मला वाटलं, मला दाखवायला चाललंय. जाऊबाईंनी येऊन सांगितलंच, "तुमच्या सासूबाई म्हनत्यात, सुनेची भाकरी जमत न्हाई म्हनून आंबिलीवर दिस काढतीय." त्यानंतर मी त्यांना पहिले तीन महिने 'जेवलात का' म्हणूनही विचारलं नाही. जाळी मात्र स्वच्छ राहायला लागली. मी ती घासताना मनात म्हणायची, बघा, बोलल्यावर कसं बंद झालं.

त्या वाळत होत्या. नऊवारी लुगड्यात ते सहज दिसत नाही. पण त्या जुन्या पद्धतीची गाठीची चोळी घालायच्या, पुढं गाठ मारलेली. पूर्वी त्या गाठीची टोकं बोटभर असायची. माघात एकदा त्या पाटा-वरवंटा धुवायला वाकल्या तेव्हा मला ती टोकं लोंबताना दिसली. वीतभर. मी पाहिलं आणि मनात म्हटलं, हट्ट करा अजून.

यजमानांना ते परतले की त्या रोज विचारतच होत्या. "आज खाडा न्हाई ना?" फक्त आवाज बारीक झाला होता.

पाडव्यानंतर थोड्या दिवसांनी यजमान कायम झाले. कागद खिशात, सायकलीला पेढ्यांचा पुडा अडकवलेला. आत्याबाईंनी कागद हातात घेतला. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी तो वरपासून खालपर्यंत पाहिला. पेढे देवापुढं ठेवले. मग एक पेढा मोडून तुकडा तोंडात घातला आणि थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग मोरीकडं गेल्या. तिथं भिंतीला हात लावून वाकल्या. मी मागोमाग गेले. पेढ्याचा तुकडा जाळीवर पडला होता, जसाच्या तसा, नुसता ओला.

पदरानं तोंड पुसून त्या यजमानांकडं वळल्या.

"कायम झालास म्हंजी आता एखादा खाडा पडला तर चालतंय?"

"एखादा चालतंय की, आये."

"मंग उद्या मला पुन्याला ने. दसऱ्यापास्नं घास उतरत न्हाई."

यजमान माझ्याकडं बघायला लागले. मी जाळीकडं बघत होते.

पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात त्यांना काहीतरी पांढरं पाजून फोटो काढला. अन्ननलिकेत गाठ होती. डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण वाईट नव्हते. यजमानांनी विचारलं, दसऱ्याला आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, "ते आता कशाला विचारता? पण लवकर आणायला हवं होतं." मग त्यांनी आत्याबाईंकडं पाहून विचारलं, "आजी, एवढे दिवस खात काय होता?"

"सून पेज करून घालती," आत्याबाई म्हणाल्या.

मी त्यांना पेज करून घातलेली नव्हती. डॉक्टरांनी ते कागदावर लिहिलं की नाही मला माहीत नाही.

त्या दिवशी परत येताना एस.टी. त्या दुकानावरून गेली. चष्मा कपाळावर चढवून तो बसलेला होता. तेव्हा मला कळलं ते असं की, मी नहाणी ट्रॅपसाठी एकटी पुण्याला आले होते. सकाळी निघाले आणि दुपारी चिरा-बिरा तपासून, जड वस्तू काखेत मारून परत गेले होते. त्याच रस्त्यानं मी आत्याबाईंना आणू शकले असते. यजमानांचा खाडा पडायचं कारणच नव्हतं.

त्यानंतर दोन महिने मी पेज केली. तांदूळ भाजून, भरडून, शिजवून, फडक्यातून गाळून. आधी वाटीभर जायची, मग अर्धी, मग चमच्यानं. एकदा त्यांना भिंतीला टेकवून बसवलं होतं आणि मी चमचा धरला होता. तेव्हा विचारलं.

"मला का नाही सांगितलंत? मी नेलं असतं. मोरीसाठी गेले होते की एकटी."

त्यांनी बराच वेळ विचार केला. त्यांना खरंच आठवून पाहायचं होतं, असं दिसलं.

"ते ध्यानातच न्हाई आलं," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात बाप्यानंच न्यायचं आसतंय."

मला कळलं असतं तर मी नेलं असतं, हे लिहायला सोपं आहे. पण मी स्वतःला विचारून पाहिलं आहे. मीही त्याच घरातली होते. मलाही ती नोकरी कायम व्हायला हवी होती. माझ्याही डोक्यात, कायम होऊ दे, मग यांना सांगू, हे नेतील, असंच आलं असतं कदाचित. एकटीनं न्यायचं माझ्या तरी ध्यानात आलं असतं का, याची मला खात्री नाही. दोन वर्षांनी यजमानांच्या बरोबरचा एकजण घरी आला होता, तो सहज बोलला की त्याचे पहिल्या सहा महिन्यांत चार खाडे पडले होते आणि तोही त्याच दिवशी कायम झाला. यजमान उठून बाहेर गेले. मी चहा गाळत होते, तो गाळला.

आत्याबाई ज्येष्ठात गेल्या. जायच्या आठ-दहा दिवस आधी, बोलताना दम लागायचा तेव्हा, त्यांनी मला हातानं जवळ बोलावलं.

"भाकरी चांगली व्हती तुझी. चामडं न्हवती."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "पेज गार होतेय."

त्यांनी तोंड उघडलं आणि मी चमचा घातला. त्यातलं निम्मं परत आलं. ते मी पुसलं.

त्या शेवटच्या दिवसांत जाळीवर काही अडकायचं नाही. मुलीचं एखादं शीत, भाजीचं देठ, बस. मी तरी सकाळी उठल्यावर आधी तीच उचलून बघायची. त्या गेल्यावरही बघायची.

आता घर बदललंय. उभ्यानं भांडी घासायचा ओटा झालाय. ट्रॅप नवा आहे, पण जाळी मी तीच बसवून घेतली. गवंडी म्हणाला, "वहिनी, आता मोठ्या भोकांच्या मिळतात, साफ करायला सोप्या." मी म्हटलं, "हीच बसवा." घरात कुणी दोन दिवस लागोपाठ अन्न टाकलं तर मला जाळीवर दिसतं. मी रागवत नाही. जेवायच्या वेळी त्याच्यासमोर जाऊन बसते आणि घास खाली उतरेपर्यंत त्याच्या गळ्याकडं बघते. मागाहून मुलगा झाला, त्याची बायको, माझी सून, म्हणते, "आई, ते घाण काम मी करते, तुम्ही कशाला?"

"राहू दे," म्हणते मी.